लुबेनित्सेच्या कड्याखाली: गोट्यांच्या शांत किनाऱ्यावर कसं जावं

एड्रियाटिक समुद्राचा पूर्व काठ, म्हणजे क्रोएशियाची बाजू, चुनखडीच्या डोंगरांची आहे. डोंगर थेट पाण्यात उतरतात. गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या, त्यामुळे वाळू अगदी कमी. किनारा म्हणजे एक तर उघडा खडक, नाही तर लाटांनी घासून गुळगुळीत केलेले पांढरे गोटे. ह्या किनाऱ्यांचे फोटो पाहून लोक विचारतात, “ह्यातला शांत कुठला?” खरं तर विचारायला हवं, शांत किती वाजता? ऑगस्टच्या दुपारी नाव झालेल्या किनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा शोधावी लागते, आणि त्याच जागी सकाळी आठला चिटपाखरू नसतं.

म्हणून ही कृती एकाच किनाऱ्याची सांगतो आणि घड्याळ लावून सांगतो. क्रोएशियाच्या उत्तर भागात त्स्रेस नावाचं लांबट बेट आहे. त्याच्या पश्चिम कड्यावर, समुद्रापासून ३७८ मीटर उंचीवर, लुबेनित्से हे जुनं दगडी गाव आहे. गावाच्या बरोबर खाली स्वेती इवान हा गोट्यांचा किनारा. तिथे रस्ता जात नाही. पाण्याचा नळ नाही, टपरी नाही, भाड्याची खुर्ची नाही आणि जीवरक्षकही नाही. जायचं ते पायवाटेने, नाही तर होडीने. सहलीच्या होड्या सकाळी उशिरा येतात आणि दुपार कलल्यावर निघून जातात. त्यांच्या आधीची वेळ पायी उतरणाऱ्याची.

महिना

सप्टेंबर सर्वात चांगला. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा २३ अंशांच्या आसपास असतं, आणि इटली, जर्मनी, ऑस्ट्रियाच्या शाळा सुरू होत आल्याने गर्दी ओसरलेली असते. दुसरी पसंती जूनच्या पहिल्या पंधरवड्याला. पाणी थोडं गार, पण दिवस लांबलचक. जुलै-ऑगस्टमध्ये जायची वेळ आलीच तर पहाटे उठायची तयारी हवी.

आपल्याकडे मुलांना सुटी मेमध्ये. मेमध्ये त्स्रेस फार देखणं असतं, रानसेज फुललेला असतो, पण पाणी १८-१९ अंशांवर असतं. मुंबई-कोकणच्या समुद्राची सवय असलेला माणूस त्यात गुडघ्यापर्यंत जाऊन परत फिरतो. त्या सुटीत जायचं तर चालायला जा, पोहण्याचा हट्ट नको. दिवाळीच्या सुटीचा विचार करूच नका. तोवर पाऊस आणि दक्षिणेचा वारा सुरू झालेला असतो, आणि बोटींच्या फेऱ्याही कमी होतात.

कागदपत्रं आणि पोचणं

१ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलन युरो आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा पुरतो, आणि इथले दिवसही १८० दिवसांतल्या ९० दिवसांत मोजले जातात. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्यविमा व्हिसासाठी लागतोच. कड्यावरून उतरताना पाय मुरगळला तर तो कागदापुरता राहत नाही, म्हणून पॉलिसीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

खाऊबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, तूप, खवा घरीच ठेवा. चिवडा, लसणाची कोरडी चटणी, तेलातल्या दशम्या चालतात, आणि ह्या किनाऱ्यावर त्या सोन्याच्या मोलाच्या ठरतात.

भाड्याची गाडी घेणं इथे चैन नाही, गरज आहे. लुबेनित्सेला जाणाऱ्या बसच्या भरवशावर सकाळ आखता येत नाही. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. झाग्रेबहून रिएकाकडे मोटरवे आहे. रिएकाच्या जवळून दोन वाटा फुटतात. एक क्र्क बेटाच्या पुलावरून वाल्बिस्का बंदराला आणि तिथून बोटीने मेरागला. दुसरी इस्त्रियाच्या बाजूने ब्रेस्तोवाला आणि तिथून पोरोझिनाला. दोन्हीकडचं पाणी अर्ध्या तासाच्या आत पार होतं. पुलाचा टोल २०२० सालीच बंद झाला, त्यामुळे झाग्रेबहून येणाऱ्याला पहिली वाट सोयीची.

बोट गाड्या घेणारी असते. तिकीट ऑनलाइन मिळतं, पण त्याने ठरावीक फेरीत जागा पक्की होत नाही. धक्क्यावर रांगेत जो आधी, तो आधी चढतो. मोसमातल्या शनिवारी ही रांग डोंगरात मागे वळणापर्यंत जाते. शक्यतो मंगळवार-बुधवारी बेटावर या. गाडी बोटीत शिरली की हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा आणि वर डेकवर जा. डोळे आकाशात असू द्या. त्स्रेसच्या कड्यांवर ग्रिफन गिधाडं घरटी करतात आणि अडीच मीटरहून रुंद पंख पसरून तरंगताना दिसतात. आपल्याकडे गिधाडं कशी नाहीशी झाली हे पाहिलेल्या पिढीला हे दृश्य वेगळं लागतं. बेटाच्या उत्तरेला बेली गावात जखमी आणि समुद्रात पडलेल्या पिल्लांसाठी केंद्र आहे. वेळ असेल तर जा.

आदली संध्याकाळ

मुक्काम त्स्रेस गावात किंवा वालुनला करा. घरमालक पासपोर्ट मागेल. पाहुण्यांची नोंद करणं त्याला बंधनकारक असतं, बिचकू नका.

आता वाऱ्याचा अंदाज बघा. क्रोएशियाच्या हवामान खात्याचा सागरी अंदाज इंग्रजीतही मिळतो. इथले लोक वाऱ्याला दिशेने नाही, नावाने ओळखतात, आणि तीन नावं पाठ केली की काम भागतं. मायेस्त्राल हा वायव्येचा, चांगल्या हवेतला वारा. तो सकाळी उशिरा उठतो, दुपारी जोर धरतो, संध्याकाळी पडतो. तो येण्याआधी पाणी काचेसारखं असतं, लवकर जाण्याचं हे आणखी एक कारण. यूगो आग्नेयेचा, दमट आणि ढगाळ. त्याने समुद्र दोन-तीन दिवस खवळलेला राहतो आणि किनाऱ्यावर कुठला कुठला प्लास्टिकचा कचरा येऊन पडतो. यूगोच्या दिवशी उतरण्यात अर्थ नाही.

तिसरा बुरा, ईशान्येचा, कोरडा आणि थंड. नवख्याची फसगत करतो तो हाच. स्वेती इवान पश्चिमेला, म्हणजे बुराच्या आडोशाला. तिथे लाट दिसत नाही, ऊन लख्ख असतं, आणि वारा कड्यावरून खाली कोसळून झोतांनी समुद्राकडे जात असतो. हवेची गादी किंवा फुगवलेली ट्यूब घेऊन पाण्यात गेलेलं मूल पाच मिनिटांत हाकेच्या पलीकडे जातं. बुराचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. त्या दिवशी बोटी रद्द होतात आणि क्र्कचा पूलही बंद होऊ शकतो, म्हणजे बेटावरून निघणंही जमत नाही.

सामान रात्रीच भरा. माणशी तीन लिटर पाणी. त्यातलं निम्मं परतीच्या चढासाठी आहे, किनाऱ्यावर संपवू नका. बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. ते बेटावरच्याच व्राना तळ्यातून येतं. हे गोड्या पाण्याचं तळं सुमारे ७५ मीटर खोल आहे आणि त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. त्स्रेस आणि शेजारचं लोशिन्य ही दोन्ही बेटं त्याच पाण्यावर जगतात, म्हणून त्यात पोहायला बंदी आहे. रस्त्यावरून दिसेल, पाहा आणि पुढे चला.

पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट हवेतच. उतरायला वेगळे, चांगली पकड असलेले बूट. सपाता घालून ही वाट उतरणारे लोक दिसतात आणि चढताना त्यांचे चेहरेही दिसतात. टोपी, सनस्क्रीन, पोहण्याचा चष्मा, जाड चटई, विजेरी, चिमटा, चिकटपट्टी. सुती कपडे पाण्यात जड होतात आणि वाळत नाहीत, पोहायला नायलॉनचेच घ्या. बेकरीतून पाव आणि बुरेक घ्या. शाकाहारी असाल तर चीजचा बुरेक “सीर” म्हणून मागा, “मेसो” म्हणजे मांसाचा. टोमॅटो, पीच, थोडं मीठ. किनाऱ्यावर चूल पेटवायचा विचार स्वप्नातही नको. उन्हाळ्यात हे झुडपी रान काडीने पेटतं आणि उघड्या आगीला बंदी आहे. तंबू ठोकून रात्र काढणंही बेकायदा.

उतरण

सकाळी सहाच्या सुमारास निघा. लुबेनित्सेचा रस्ता दोन बाजूंच्या रचीव दगडी बांधांमधून जातो आणि बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. समोरून गाडी आली की ज्याच्या जवळ रुंद जागा असेल त्याने मागे घ्यायची. पहाटे समोरून कोणी येत नाही, मेंढ्या सोडल्या तर. गाडी गावाच्या तोंडाशी लावा. गावात आता मोजकीच माणसं राहतात, तेव्हा वेशीतून जाताना आवाज खाली.

वाट सुरू करण्याआधी कठड्यापाशी उभं राहून खाली एकदा नीट पाहा. खाली पांढरी कोर, त्यापुढे फिकट निळं पाणी, मग एकदम गडद. गोट्यांचा किनारा उताराचा असतो आणि खोली लवकर येते, ते इथूनच कळतं. नांगरलेल्या होड्या किती आहेत तेही मोजा.

उतरायला पाऊण तास धरा. वाट कठीण नाही, पण सुट्या दगडांची आहे. पाय घसरतो तो मोठ्या दगडावरून नाही, बारीक खडीवरून. पाऊल आडवं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, एक काठी असेल तर फार बरं. डोंगरवाटांवर इथे खुणेसाठी लाल वर्तुळात पांढरा ठिपका रंगवतात. ती खूण बराच वेळ दिसली नाही तर मागे फिरा, कारण मेंढ्यांच्याही वाटा असतात आणि त्या समुद्रापर्यंत जातीलच असं नाही. फाटक लागलं तर पार झाल्यावर लावून घ्या, मग ते आधी उघडं का दिसेना. किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्य डोंगरामागून वर यायला वेळ घेतो, उतरताना सावली मिळते.

सापांची भीती बाळगू नका. त्स्रेसवर विषारी साप नाहीत. ओसोरचे बिशप संत गाउदेन्सियस ह्यांनी त्यांना शाप देऊन घालवलं अशी स्थानिक आख्यायिका आहे.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी हिशेब. ३७८ मीटर म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढतो त्याच्या निम्म्याहून जास्त. पण गड आधी चढायचा आणि मग उतरायचा असतो. इथे उतरण आधी आणि चढ शेवटी, दमलेल्या पायांनी आणि उन्हात. आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना वालुनला घेऊन जा. तिथेही गोट्यांचाच किनारा आहे, गाड्या गावाच्या वर ठेवाव्या लागतात त्यामुळे गाव निवांत आहे, आणि खायला-बसायला सोय आहे. “एवढं आलोच आहोत तर” हे वाक्य ह्या कड्यावर बोलू नका.

गोट्यांवर

पोचल्यावर कड्याच्या अगदी पायथ्याशी बसू नका, वरून दगड येऊ शकतात. पाण्याच्या अगदी कडेलाही नको. लाटांनी रचलेल्या गोट्यांची एक वरंब्यासारखी ओळ दिसेल, तिच्या अलीकडे बसा. कोकणात आपण भरतीची वेळ पाहून सामान ठेवतो. इथे भरती-ओहोटीतला फरक इतका थोडा असतो की वेळापत्रक पाहायची गरज पडत नाही. त्रास होतो तो मोठ्या बोटीमुळे. ती लांबून निघून जाते आणि पाच मिनिटांनी तिची लाट येऊन चपला नेते.

गोट्यांवर झोपणं ही वेगळी कला आहे. आधी मूठभर आकाराचे गोटे बाजूला सारा, खाली बारीक गोटे लागतील. कमरेला आणि खांद्याला खळगा करा, त्यावर चटई. पहिली दोन मिनिटं टोचतं. मग गोटे अंगाच्या आकाराने सरकून बसतात. एक गोटा हातात घेऊन पाहा. कोरडा असताना तो खडूसारखा मळकट पांढरा असतो, पाण्यात बुडवला की आतल्या पांढऱ्या शिरा उजळून येतात, आणि काहींवर समुद्री जिवांनी पोखरलेली टाचणीएवढी भोकं दिसतात. पाहून झालं की तिथेच ठेवा. खिशात घालून नेण्याची वस्तू नाही ही. किनारा त्याच गोट्यांचा बनलेला आहे, आणि वरून नवे पडायला शतकं लागतात.

पांढरे गोटे ऊन परतवतात. छत्रीखाली बसूनही हनुवटीखाली आणि पोटऱ्यांमागे भाजतं, तिथेही सनस्क्रीन लावा.

आणखी एक. एकांतातल्या किनाऱ्यावर काही लोक कपड्यांशिवाय पोहताना दिसतील. क्रोएशियात ही जुनी रीत आहे, राब बेटावर तर १९३६ साली इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड असा पोहून गेल्याचं सांगतात. ‘एफकेके’ अशी पाटी असेल तर तो भाग त्यांच्यासाठी राखीव समजा. बघत राहू नये, हसू नये, फोटो तर मुळीच काढू नये.

पाण्यात

जीवरक्षक नाही हे पुन्हा सांगतो. ज्याला पोहता येत नाही त्याने काठावर बसून पाय बुडवावेत. वाळूच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात डुंबता येतं, तशी जागा इथे जवळजवळ नाही. चार-सहा पावलांत तळ सुटतो, आणि पायाखालचे गोटे उताराकडे घरंगळतात, त्यामुळे घाबरून मागे यायला गेलात तर आणखी खोल जाता.

जाण्याची रीत अशी. बूट घालून पाण्याकडे तिरकं चाला, समोरासमोर नाही. पाणी गुडघ्याला लागलं की उभं राहण्याचा हट्ट सोडा, खाली बसा आणि अंग पुढे सोडून द्या. पाणी खारट असल्याने अंग सहज तरंगतं. छातीला गार पाणी लागलं की श्वास अडकतो, तेव्हा पहिले काही श्वास मोजून घ्या आणि मगच हात मारा. बाहेर येताना लाटेबरोबर या, गुडघे टेकवा, हातांनी गोटे धरा. परतणारी लाट पायाखालचे गोटे ओढून नेते, त्या क्षणी उभं राहायला जाणारा माणूस बसतोच. ऐट दाखवायची ही जागा नाही.

चष्मा लावून कडेच्या खडकांशी जा. तळ दहा मीटरवरही दिसतो. खडकाच्या फटींत काळे काटेरी समुद्री साळू बसलेले असतील. त्यांच्यावर पाय पडला तर काटा मोडून आत राहतो. काठावर येऊन पाय धुवा, चिमट्याने सरळ ओढा, खोदत बसू नका. न निघाल्यास डॉक्टरकडे जा. त्याच खडकांत राहणारा खजुराच्या बीसारखा शिंपला, ज्याला इथे प्र्स्ताट्स म्हणतात, काढायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे. तो मिळवण्यासाठी खडक फोडावा लागतो आणि तो वाढायला दशकं लागतात. कुणी हळूच ताटात देऊ केला तर नाही म्हणा.

जवळच्या झान्या खाडीत एक निळी गुहा आहे, पाण्यातून शिरायची. प्रकाश दुपारच्या सुमारास चांगला असतो. पट्टीचे पोहणारे असाल आणि बरोबर माहीतगार असेल तर होडीने वेगळ्या दिवशी करा. ह्या सकाळीत ती कोंबू नका.

परत वर

साडेदहाला आवराआवर, अकराच्या आत वाटेला लागा. दुपारी दोन ते पाच हा संपूर्ण उतार सूर्याच्या तोंडावर असतो, आणि ती चढण पाणी, मिजास आणि संसार तिन्ही संपवते. सावली हवी म्हणून संध्याकाळपर्यंत थांबायचं असेल तर सूर्य टेकल्यावर निघा, विजेरी हाताशी ठेवा, पण मग दिवसभराच्या होड्यांच्या गर्दीत बसायची तयारी हवी.

चढायला सव्वा तास धरा. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट प्या, तहान लागायची वाट पाहू नका. कचरा सगळा पिशवीत, फळांच्या साली आणि कागदी रुमालसुद्धा, कारण खाली उचलायला कोणी येत नाही. चक्कर, मळमळ, घाम थांबणं ह्यांपैकी काहीही जाणवलं तर सावली शोधून बसा आणि ११२ लावा. समुद्रातल्या संकटासाठी १९५ हा वेगळा क्रमांक आहे. कड्याच्या कुशीत रेंज जाते-येते, म्हणून कोणत्या वेळेला वर येणार हे घरमालकाला सकाळीच सांगून ठेवलेलं बरं.

वर गावात खाणावळ आहे. मेंढीचं चीज आणि तिथलंच ऑलिव्ह तेल मागा. मांस खाणाऱ्यांनी त्स्रेसचं कोकरू चाखावं, बेटभर चरणाऱ्या मेंढ्यांमुळे त्याचं नाव आहे. जेवण झाल्यावर गाडी लगेच काढू नका. दुपारी उशिरापर्यंत त्या अरुंद रस्त्यावर वर येणाऱ्यांचीच रीघ असते आणि दर वळणावर मागे घ्यावी लागते. बेट सोडायचं असेल तर रविवारची दुपार आणि संध्याकाळ टाळा. सोमवारी सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीला धक्क्यावर तासभर आधी पोचलात की जागा मिळते.